राजाचा सैल कोट

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, शिवणयंत्रही फारसं कुरकुरत नाही.

आमच्या सिनेमातला राजा जग जिंकायला निघतो आणि शेवटी कैदेत भ्रमिष्ट होऊन मरतो. त्या कैदेच्या प्रसंगासाठी आमच्या नायकाने जेवणच सोडलं होतं. काल कोटाचं माप घेताना तो माझ्या खांद्यावर कोसळला. तरी दिग्दर्शक म्हणाले, "अजून बारीक दिसायला हवा."

नोकरी जाईल असं वाटलं, पण राहवेना. म्हटलं, "बारीक मी दाखवते, साहेब. त्याला जेवू द्या."

शिवणी उसवून कोट चार बोटं सैल केला. त्यात तो अगदी चिपाड दिसायला लागला. साहेब कॅमेऱ्यातून बघून म्हणाले, "वाढा त्याला."

पहिला घास त्याला गिळवेना. मी शेजारी बसून बटणं लावत राहिले. हळूहळू जेवला बिचारा.

आजारपणानंतर बाबा नीट जेवतात ना? तू त्याबद्दल काहीच लिहीत नाहीस, म्हणून विचारते. त्यांनी ताट सरकवलं तर रागावू नकोस गं. नुसती जवळ बसून राहा.

तुम्हा दोघांची,
धाकटी