दोन आकडी साल

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते. पेणच्या तुमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. काकू चुलीवर पोहे परतताहेत, मी पाटावर, हातात पळी. संकल्प म्हणताना युग, शक, संवत्सर सगळं गाळून मी थेट तिथीवर उडी मारली आणि तुम्ही कडाडलात, "संवत्सर कुठं गेलं रे? देवानं तुला कुठल्या वर्षात शोधायचं?" परसातले कावळेसुद्धा उडाले. "विसरलो," मी म्हणालो. मग सगळं पहिल्यापासून. पोहे गार.

आता मी रोह्याच्या एका औषध कंपनीत आकडेवारीचं काम करतो. इथला संकल्प कॉम्प्युटरपुढं सोडायचा. तारीख अवतरणचिन्हांत लिहून द्यायची, आणि प्रोग्राम चालला की यंत्राला काय समजलं याची नोंद उमटते, तिला लॉग म्हणतात. गेल्या वर्षी काम होतं छातीच्या गोळ्यांचं. शेवटी शेवटी तुम्ही जिभेखाली ठेवायचात त्याच. खेड्यांतल्या दवाखान्यांत त्या कपाटात पडून राहतात, म्हणून मार्च दोन हजारच्या आत मुदत संपणारी खोकी अडवायची होती. कंपनीत सगळेच सालाचे दोन आकडे लिहितात. मीही नुसती दोन शून्यं लिहिली. यादी कोरी आली. अडवण्याजोगं काही नाही, अशी सही केली. ट्रक गेला.

दुपारी चहा पिताना लॉग पुन्हा हाताशी आला. त्यात सूचना होती: सालाचे दोनच आकडे दिलेत, शतक एकोणीसशेचं धरलं आहे. एकोणीसशे सालाच्या आत मुदत संपणारी गोळी कुठून सापडणार, गुरुजी? तेव्हा तुमच्या वडिलांची मुंज व्हायची असेल. हसू नका. चारही आकडे घालून प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि सात खोक्यांचे क्रमांक एकाखाली एक उतरले. सातही ट्रकमध्ये. डोळ्यांपुढं एक म्हातारा, छातीवर हात, जिभेखाली मेलेली गोळी. आणि चेहरा तुमचा.

ट्रकवाला पेणचा. रामवाडीत घरी जेवल्याशिवाय पुढं जात नाही, एवढंच ठाऊक. त्याच्या घराशेजारच्या टेलिफोन बूथवाल्याला फोन लावला. चारदा एंगेज. पाचव्यांदा लागला.

"ट्रक उभा हाय का?" घाबरलो की माझी शुद्ध भाषा पळून जाते.

"हाय की. जेवतोय तो."

"थांबव त्याला!"

"अवो सायेब, जेवाया थांबलाच हाय ना! आता ताटावरनं उठवू काय?"

"उठव!"

चपलांचा आवाज लांब गेला. मी रिसीव्हर धरून उभा. भीतीपोटी मनात संकल्प सुरू झाला, अगदी पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता. तिथीपर्यंत पोचलो तेव्हा पलीकडून आवाज आला, "गाडी माघारी फिरवतो म्हनं. शिव्या देतोय, त्या पन सांगू?"

सातही खोकी परत आली. तरी अजून कोरी यादी दिसली की मी लॉग पहिल्या ओळीपासून वाचतो.

हे पत्र टाकणार कुठं? पंचांगात ठेवतो. अहवालात मी लिहिलं, यंत्रानं शतक चुकीचं धरलं. साहेबांनी मान डोलावली. पण ती सूचना मी सकाळीच, सही करण्याआधी वाचली होती. ट्रक भरून उभा होता, म्हणून पान उलटलं.

आणि गुरुजी, संवत्सराचं नाव मी त्या दिवशी विसरलो नव्हतो. मला पोहे गरम हवे होते.