अण्णांचा करदोडा

सास्तूरग्रामपिष्टचक्राधिपती, ज्वारी-गोधूम-चणक-चूर्णनाचार्य, चर्मपट्टघर्घरनादविजयी, आपादमस्तक पिष्टधवल अण्णा यांच्या चरणी, जिल्हास्थानीय नख-केश-त्वचापरीक्षक, सूक्ष्मदर्शकैकनेत्र चिरंजीवाचे निवेदन.

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षे झाली. मी अद्याप धाराशिवात, त्याच प्रयोगशाळेत आहे. लोकांची खाज काचपट्टीवर घेतो, तिच्यावर पोटॅशचा थेंब सोडतो. त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू तेवढे उरतात, फांद्या फुटलेले, पारदर्शक. हा जीव वनस्पती नव्हे. कुळाने तो प्राण्यांच्या अधिक जवळचा, म्हणजे आपल्याच भावकीतला, आणि भावकीसारखाच एकदा घरात शिरला की निघत नाही. मात्र गजकर्णाची बुरशी त्वचेच्या केवळ मृत थरावर उपजीविका करते, जिवंत मांसाला सहसा शिवत नाही. एवढा संयम मला साधला नाही.

तुम्ही एसटीने आलात तो दिवस आठवतो. गिरणीच्या तापल्या पत्र्याखाली दिवसभर घाम, त्यावर पीठ, आणि कायम ओला राहणारा कमरेचा काळा करदोडा. त्याच्या बरोबर खाली लाल कडांचे गजकर्ण फेर धरून बसले होते. दुकानातून आणलेल्या कसल्याशा मलमाने आठ दिवस खाज थांबली आणि मग ते पोटापर्यंत पसरले. मी तुमची त्वचा खरवडतो, भिंगातून पाहतो आणि बाकावरच्या रुग्णांसमक्ष घोषित करतो, "पीक भरघोस आहे. तलाठ्याला बोलवा." सगळे हसतात. तुम्ही खाली मान घालून सदऱ्याची बटणे लावता. बाहेर आल्यावर म्हणता, "हुशार हाईस. पर बापाची कंबर चार मान्सांत उघडी करू न्हाय, बाळा."

डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम लिहिले, जागा कोरडी ठेवा म्हणाले. करदोडा काढण्याची आज्ञा माझी एकट्याची.

"त्यो मेल्यावर तोडत्यात," तुम्ही म्हणालात. "म्या मेलो व्हय?"

"ओल्या दोऱ्याखाली बुरशी पोसली जाते, अण्णा. बरे झाले की नवा बांधू."

"तोड मग. पर गावात कुणाला बोलू नगंस."

प्रयोगशाळेच्या कात्रीने मी तो तोडला.

दीड महिन्याने तुमचा फोन येतो. "डाग गेला रं. आता बांधू का?" डाग दिसेनासा झाल्यावरही मलम पंधरा दिवस चालू ठेवायचे असते. ते फक्त मलमाचे; कोरडा, नवा दोरा बांधायला काही हरकत नव्हती. पण शास्त्रार्थाची संधी मी सोडतो थोडाच? "आणखी पंधरा दिवस थांबा. बीजाणू चिवट असतात." तुम्ही "बरं" म्हणालात. अकराव्या दिवशी गिरणीतच तुमचे हृदय थांबले.

अंघोळ घालताना थोरले काका तुमची कंबर चाचपू लागले. "करदोडा कुठाय ह्याचा? कुणी काढला?" शेवटी काकांनी काळा दोरा मागवला, तुमच्या कमरेला बांधला आणि बांधल्या जागीच तोडला. मी शेजारी तांब्या घेऊन उभा. तुमची कंबर स्वच्छ होती, कड नाही, खवला नाही. उपचार पूर्णतः यशस्वी झाला होता. काका माझ्याकडे वळले. "तुला ठाव हाय का?" मी म्हणालो, "नाही." आपल्या भावाने शेवटी रीत सोडली, हा समज काकांनी मरेपर्यंत बाळगला आणि मी तो बाळगू दिला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ही माझी सोयच. पत्ता असता तरी मी ते टाकले नसते.

सांप्रत गजकर्ण मला झाले आहे. नमुना मीच घेतला, मीच तपासला. या वेळी घोषणा केली नाही. डॉक्टरांनी बजावले की घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. घरात मी एकटाच, तेव्हा सर्वांना आरशासमोर उभे करून मी तसे कळवले. बाकीचे चट्टे उतरत आहेत. परंतु एक पाठीच्या बरोबर मधोमध आहे, तिथे उजवा हात वरून पोचत नाही आणि डावा खालून. पळीच्या पाठीने लावून पाहतो, तर निम्मे मलम बनियनलाच लागते, आणि पळी लांब दांड्याची मिळत नाही.