खालचा रिकामा खण

४ ऑगस्ट, सोमवार
घोळ झाला! बालवर्गातलं कपाट आज बसवलं आणि कोपऱ्यातला सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडेचना. ओढला की हात धुवायच्या बेसिनवर आपटतो. भिंत मोजली, दप्तरं मोजली, मुलांचे हात कुठवर पोचतात तेही मोजलं — आणि शेजारचं बेसिन विसरले! इतकी वर्षं फर्निचरची डिझाइनं करतेय, आणि ही अक्कल. मिस्त्री म्हणाले, "ताई, बेसिन हलवू की शाळा?" शेवटी ड्रॉवर काढून टाकला. आता तिथे नुसता रिकामा खण, पुढचा दात पडल्यासारखा.

७ ऑगस्ट, गुरुवार
ठमीचा शाळेचा पहिला दिवस. माझी नात, आणि मी केलेल्या कपाटात तिचं दप्तर! कौतुक तासभर टिकलं. मग शाळेतून लेकीला ऑफिसात फोन — घेऊन जा, रडून रडून ओकली. लेकीची नोकरी नवी, अजून पक्की व्हायची आहे. जावई बोटीवर. मी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या साइटवर. "आई, ही रमली नाही तर मला घरीच बसावं लागेल गं."

८ ऑगस्ट, शुक्रवार
पुन्हा फोन. पुन्हा लेक अर्ध्या दिवसात घरी. तिच्या साहेबांनी काही म्हटलं नाही, पण घड्याळाकडे बघितलं म्हणे.

११ ऑगस्ट, सोमवार
आज फोन आला नाही. मला राहवेना, दुपारी मीच शाळेत गेले. वर्गात ठमी कुठेच नाही. वर्गाच्या बाईंनी डोळ्यांनी खाली खूण केली. त्या रिकाम्या खणात, गुडघे पोटाशी घेऊन, आमच्या बाईसाहेब! रडत होती, पण आपली आपली, हळूहळू. बाई शेजारी जमिनीवर बसून रंगीत मणी निवडत होत्या. तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "रडून झालं की ये बाहेर. घाई नाही."

आणि ती आली! नाक पुसलं, पाणी प्यायली, ठोकळ्यांकडे गेली. माझी चूक नेमकी तिच्या मापाची निघाली. या बाईंचे उपकार मी कुठे ठेवू?

१४ ऑगस्ट, गुरुवार
मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहणीला आल्या. "हा खण फळी मारून बंद करा. उद्या एखादं मूल अडकलं, कड लागली, तर पालकांना मी काय सांगू?" त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. शिवाय नात माझी, मी कुठल्या तोंडाने बोलणार? मुकाट्याने मिस्त्रींना फळी कापायला सांगितली. लेकीला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती हसत ऑफिसला जाते, ते बघवत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
मिस्त्री फळी घेऊन हजर. खणात ठमी. ते उकिडवे बसले, आत डोकावले. "ताई, आत भाडेकरू आहे. कसा उठवू?" मोठ्या बाईही बघायला वाकल्या. ठमीने त्यांना हुंदक्यांमधूनच सांगितलं, "माझं थोडंच राहिलंय."

मोठ्या बाईंना हसू आवरेना. मग चक्क जमिनीवर बसल्या, खणात सगळीकडे हात फिरवला. "कडा गोल करा. कपाट भिंतीला पक्कं करा. आत छोटी गादी टाका. फळी नको."

मिस्त्री कडा घासत होते आणि मला रडू येत होतं. माझ्या मापाचा खण मात्र कुठे नव्हता.

२ सप्टेंबर, मंगळवार
लेक ऑफिसातून गुणगुणत आली. एवढंच. पण किती दिवसांनी!

५ सप्टेंबर, शुक्रवार
वर्गात एक नवं पोर आलंय, सकाळपासून रडतंय. खण त्याला मिळाला. मणी बाहेर बसून ठमी निवडत होती. बाई मला सांगत होत्या, मध्येच ती त्याला म्हणाली, "घाई नाही."