मार्चमधल्या शेळ्या

पलेओमिलोस, १४ मार्च

चि. एव्हान्थियास थोरल्या भावाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी चिठ्ठी बसवाल्या पान्देलिसकडून पोचली. फोनवर बोलायचं नाही म्हणतेस, म्हणून कागदावर सांगतो. होय, सीमेवरच्या एव्रोस नदीतल्या आपल्या बेटावर माणसं आहेत. मनोऱ्यावरचा उष्णता टिपणारा कॅमेरा मी जुळवलाय, आणि तेही कुणा इंजिनिअरनं न शिकवता. अंधारात तो कोल्हा आणि कुत्रा वेगळा दाखवतो. तुतीच्या झाडाखाली सात जण दिसले, त्यातलं एक आडवं. मी लगेच चौकीला कळवलं. साहेब म्हणाले, शेळ्या असतील, थ्रासो, जेवून घे. मला जेवण गेलं नाही.

सीमा राखायलाच हवी, हे माझं मत कायम आहे. पण बघून न बघितल्यासारखं करणं म्हणजे राखणं नव्हे.

तू दिलेला हलवा संपला. माया तेवढी संपू देऊ नकोस.

तुझा दादा
थ्रासीव्हुलोस

अलेक्झांड्रूपोली, १५ मार्च

ती. दादास सा. न.

कॅमेऱ्याचं कौतुक ऐसपैस आणि माणसं दोन ओळींत. पत्र तुझंच, खात्री पटली.

आडवी दिसली ती रोया. तिचे दिवस भरलेत. होडी फाटून ती माणसं तिथं अडकलीत. तिचा नवरा इथल्या निर्वासितांच्या छावणीत आहे. रोज माझ्या वकिलीच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसतो, दिलेला चहा तसाच गार होतो. आपल्या जमिनीवर येऊन कुणी आसरा मागितला तर आधी ऐकून घ्यायचं, मग हो की नाही ते ठरवायचं, इतका साधा कायदा. न्यायालयाचा हुकूमही मिळवला मी. त्यावर सरकारी उत्तर आलं की बेटावर कुणी नाही, कॅमेऱ्यानं शेळ्या टिपल्या. चित्रण मागितलं तर ते म्हणे गुप्त.

शपथेवर सांगशील? तुझी नोकरी जाईल आणि वहिनी माझं नाव टाकेल, दोन्ही ठाऊक आहे. तरी विचारते.

रागावलास तरी उत्तर धाड.

तुझी एव्हा

पलेओमिलोस, १६ मार्च

चि. एव्हास आशीर्वाद.

वहिनीनं तुझं नाव टाकलं, आणि मग माझ्या चांगल्या कोटाला इस्त्री केली.

मला मनोऱ्यावर नेमणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. भिंगावर धुकं होतं एवढं म्हण, नोकरी राहील, म्हणाला. माझ्या भिंगावर धुकं! आणि राजधानीतल्या त्या शहाण्यांना विचार, एप्रिलअखेर संत जॉर्जच्या सणाला पाद्रीबुवांनी कळपावर पाणी शिंपडल्याशिवाय आपल्या गावची एक तरी शेळी बेटावर चरायला होडीत चढते का? मग मार्चमध्ये बेटावर शेळ्या टपालानं आल्या? सगळं शपथेवर लिहून सोबत जोडलंय. माणसं कुठं आहेत ते माझं यंत्र सांगतं, त्यांचं काय करायचं ते तुझा कायदा सांगतो. मधल्या खुर्चीवरचा माणूसच तेवढा बहिरा.

घाई कर. आशीर्वाद आहेतच.

दादा

अलेक्झांड्रूपोली, २० मार्च

ती. दादास सा. न.

तुझा शेळ्यांचा मुद्दा न्यायालयानं उचलून धरला. काल माणसांना आणलं. रोयाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. नवऱ्यानं आज चहा घेतला.

पण सहाच जण आले, दादा. सातवा रोयाचा थोरला भाऊ, जावेद. कुणी येत नाही असं पाहून परवा तो मदत आणायला पोहत निघाला. शोध घ्या म्हणून मी अर्ज केला, तर लेखी उत्तर मिळालं: माणसं सहाच होती, सातवी शेळी असावी.

मला लिही. आज काही सुचत नाही.

एव्हा

पलेओमिलोस, २ मे

चि. एव्हास आशीर्वाद.

नोकरी गेली, ते तुला कळलंच असेल. नव्या माणसानं कॅमेरा नदीच्या वरच्या वळणाकडे फिरवलाय. बेट आता त्यात येतच नाही. एवढं चांगलं यंत्र, आणि त्याला तोंड फिरवायला शिकवलं.

सण झाला. गावातल्या थिओफानिसच्या शेळ्या मी राखायला घेतल्या. वहिनी म्हणते, या वयात गुराखी झालात. बेटाला होडी लागली की आधी काठ धुंडाळतो, मग शेळ्या सोडतो. जावेद अजून सापडला नाही. रोयाला सांग, मी रोज बघतो, आणि माणूस कोण, शेळी कोण, ते मला कळतं.

बाळीला माझे आशीर्वाद दे. पत्र पाठवत राहा.

तुझा दादा
थ्रासीव्हुलोस