जर्सी, चिखलासकट

रविवार, ९ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. पत्र हातात पडलं की आधी चहा ठेव, खुर्चीत बस आणि मग वाच. उभ्याने वाचायचं हे पत्र नाही. घरी सगळं ठीक आहे. कुणी गेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही, तेव्हा उगीच छातीत धडधड करून घेऊ नकोस. तुझ्या दाजींची कंबर होती तशीच आहे, म्हणजे कामाच्या वेळी दुखते आणि पत्ते खेळताना थांबते. मागच्या दाराची कडी शेवटी बदलून घेतली. आता दार लागतं छान, फक्त उघडत नाही.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता की! "अरे, क्लबने..." एवढं तोंडातून निघालं की तुझी मीटिंग सुरू होते. फुटबॉलचा विषय निघाला आणि तुझी मीटिंग नव्हती असं इतक्या वर्षांत झालेलं नाही. पत्राला बिचाऱ्याला मीटिंगमध्ये अडवता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. महिनाअखेरच्या रविवारी क्लबच्या नव्या स्टेडियमचं आणि म्युझियमचं उद्घाटन आहे. तुला निमंत्रण आहे. तुझ्या हातून त्यांना एक छोटंसं काम करून घ्यायचंय. तू यायलाच हवंस. काम काय ते पुढे येईल, आधी मला स्टेडियम सांगू दे, नाहीतर माझं पोट फुटेल.

जुन्या खेळाडूंच्या घरच्यांना आधी दाखवायचं म्हणून परवा त्यांनी आम्हाला गाडी पाठवली. दाजींनी लग्नातला कोट काढला. बटणं लागत नव्हती, पण "उघडाच बरा दिसतो" म्हणाले. दारात फाटक आहे, तिथे कार्ड टेकवलं की दांडा फिरतो आणि एकेक माणूस आत जातो. मी गेले. दाजींचा दांडा अर्ध्यात अडकला. एक बाई इकडून ओढतेय, पहारेकरी तिकडून ढकलतोय आणि हे मधे उभे राहून म्हणतात, "कार्ड चांगलं आहे हो, पोट जुनं आहे." अख्खा घोळका हसला. मी ओळखच दाखवली नाही.

आत काय काय आहे म्हणून सांगू! कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकाला वेगळं कपाट, वेगळी गादीची खुर्ची, वर ज्याचा त्याचा फोटो. तुमच्या वेळी एका खिळ्यावर तिघांच्या पँटी असायच्या. शेजारी बर्फाच्या पाण्याचा हौद. खेळून आले की त्यात बसतात म्हणे. दाजींनी विचारलं, "गीझर बिघडलाय का?" मग मैदानाच्या कडेला प्रशिक्षकाच्या आणि राखीव खेळाडूंच्या खुर्च्या. टिल्लू, त्या आतून गरम होतात रे! दाजी टेकले मात्र, आणि चेहऱ्यावर अशी शांती पसरली की विचारू नकोस. "तुम्ही म्युझियम बघून या," म्हणाले, "मी राखीव आहे."

मी हसले, पण तुझा तो पावसातला लाकडी बाक डोळ्यांपुढे आला. असो.

गवताचं तर ऐकच. छपरामुळे ऊन पुरत नाही, म्हणून चाकांवरचे भलेमोठे दिवे गवतावर फिरवतात. गवताला दिवे, गवताला पंखे, गवताला ताप आला तर कळावं म्हणून जमिनीत तारा. आपल्या दोघांच्या बाळंतपणात आईचे एवढे लाड झाले नव्हते. मी दोरीपलीकडे जरासा पाय टेकवला तर केवढ्याने शिटी वाजली! "गवतावर पाय नको." म्हटलं, बाबा रे, मग खेळणार कशावर?

म्युझियममध्ये भिंती बोलतात. बोट लावलं की भिंत "गोऽऽल" म्हणून ओरडते. मी दचकून एका अनोळखी माणसाचा हात धरला. एक अंधारी खोली आहे, तिथे बसलं की जुन्या सामन्यांची रेडिओवरची कॉमेंट्री ऐकू येते. तुमची ती चिखलातली फायनल लावली होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. म्युझियमच्या मॅडम दोनदा बोलवायला आल्या, मी उठले नाही. त्याचं पुढे सांगते.

आणि मग मधल्या दालनात, काचेच्या पेटीत, खाली मखमल, वर दिवा. तुझी पिवळी जर्सी.

हो, तुझीच. बाबांच्या ट्रंकेतली. थांब, पत्र फाडू नकोस, अजून वाईट पुढे आहे.

मी तुला न विचारता दिली. विचारणार कशी, मीटिंग होती. गेल्या महिन्यात त्याच मॅडम शोधत शोधत घरी आल्या. त्या संघातल्या सगळ्यांकडे जाऊन आल्या होत्या, आणि सगळ्यांनी आपापल्या जर्स्या धुऊन, वापरून, शेवटी फरशी पुसायला घेऊन संपवल्या होत्या. मी ट्रंक उघडून कागद सोडला तर मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, चिखलासकट आहे! एवढी एकच उरलीय!" माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "गुरुवारी माणूस येईल न्यायला. तुम्ही काही करू नका हं. आहे तशीच द्या."

आता तूच सांग. पाहुणे काय म्हणतात? चहा नको, काही करू नका. म्हणून आपण करत नाही का? मला वाटलं, बाई रीतीची आहे, आपल्याला त्रास नको म्हणून म्हणतेय. चार लोकांत आपल्या घरची वस्तू जाणार आणि ती तशी मळकी पाठवू? लोक नावं कुणाला ठेवणार, तुला की मला?

धुतली.

नुसती धुतली नाही. भिजवली, घासली, काखेतली उसवण शिवली, इस्त्री केली. पिवळीधमक निघाली अगदी, दुकानातून आणल्यासारखी. बाबा असते तर त्यांनी माझे हात कलम केले असते.

गुरुवारी माणूस आला. पांढरे हातमोजे, हातात लाकडी पेटी, नवरीला न्यायला आल्यासारखा थाट. दारातच विचारतो, "चिखल सुखरूप आहे ना?" "आहे आहे! बसा ना तुम्ही! अहो, यांना चहा द्या!" असं दाजींना ओरडून मी जर्सी घेऊन मागच्या दाराकडे धावले. तीच ती नवी कडी! उघडेना. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात उतरले. या वयात, साडी खोचून. नळापाशी बसले आणि दोन्ही हातांनी चिखल थापला. पुढून थापला, बाह्यांना थापला, कोपरांना चोळला. आत नेऊन दिली तर तो पाहतच राहिला. "ओली कशी हो?" मी म्हटलं, "आमची ट्रंक जरा दमट आहे." बिचाऱ्याने लहान मुलासारखी दोन हातांवर उचलून नेली.

इथे संपलं असतं तर मी हे पत्रच लिहिलं नसतं. पण परवा त्या पेटीसमोर उभी राहिले तर काच आतून घामेजलेली, आणि तुझ्या उजव्या कोपरातून काहीतरी हिरवं वर आलेलं. दोन पानं, चांगली तरतरीत. मॅडम कुजबुजल्या, "त्या दिवसाच्या मैदानावरचं गवत आहे हे! इतकी वर्षं जिवंत राहिलं!" आम्ही उभे असताना त्यांनी पेटीचं झाकण जरा वर केलं आणि घमघमाट सुटला.

पुदिना, टिल्लू. आपल्या नळापाशीचा. आईने लावलेला, उपटून उपटून आपण थकलो, तोच.

मॅडमना सर्दी होती, देवाची कृपा.

आता तुझं काम. उद्घाटनाच्या दिवशी ते "ऐतिहासिक गवत" तुझ्या हातून गोलच्या खांबापाशी लावायचं ठरलंय. बँड वाजणार आहे. मी तोंडाला कुलूप लावून घरी आले ती अजून बोललेले नाही. दाजींनाही सांगितलं नाही, ते चटणीची तयारी करतील.

हसलास का रे? हसला असशील तर आता खरं सांगते. नसशील तरी सांगते.

फायनलच्या त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तू कुंपणाच्या फटीतून आत आलास. ओलाचिंब होतास, पण चिखलाचा एक डाग नव्हता अंगावर. मग तू नळ सोडलास, खाली बसलास आणि दोन्ही हातांनी चिखल थापून घेतलास. पुढून, बाह्यांना, कोपरांना. नंतर वळसा घालून पुढच्या दाराने आलास. तिथे बाबांनी पाठीवर थाप मारली आणि "शाब्बास" म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

त्या थापेमुळे तू या घरात येत नाहीस, हे मला ठाऊक आहे. बाबांना फसवून ती घेतली असं तुला वाटतं. ट्रंकेच्या खोलीत तू झोपत नाहीस, फुटबॉल म्हटलं की पळतोस, आणि बाबा गेल्यावर तर यायचंच सोडलंस.

वेड्या, खिडकीत मी एकटी नव्हते. बाबा माझ्या मागे उभे होते. शेजारच्यांचा रेडिओ मागून आणला होता त्यांनी, पहिल्या मिनिटापासून कानाला लावून बसले होते. तुझं नाव एकदाही आलं नाही. परवा त्या अंधाऱ्या खोलीत मी पुन्हा ऐकलं, खरंच नाही आलं. बाबांनी तुला नळापाशी पाहिलं आणि माझा खांदा दाबून म्हणाले, "बोलायचं नाही कुणाला. एवढ्या पावसात बाकावर बसून राहिला, उठून आला नाही. मला नसतं जमलं." मग डोळे पुसून दार उघडायला गेले. थाप त्याची होती रे. चिखलाची नव्हती.

"बोलायचं नाही" म्हणाले म्हणून मी बोलले नाही. फार आज्ञाधारक निघाले मी, चुकलंच माझं.

मॅडमना काय सांगायचं ते तू ये आणि ठरव. खरं सांगायचं असेल तर मी शेजारी उभी राहीन, निम्मा चिखल माझा आहे. पुदिना लावायचा असेल तर खुशाल लाव, त्या लाडावलेल्या गवताची जरा जिरेल. एक मात्र मी तुला शपथेवर सांगते, जर्सीवर काहीही खोटं नाही. पहिला होता त्याच नळापाशीचा चिखल आहे.

आदल्या दिवशी घरी ये. कडी काढून ठेवते, मागच्या दारानेच ये. आणि स्वच्छ कपड्यांनी आलास तरी चालेल.

खिडकीत उभी असलेली,
तुझी ताई