चिकटलेला काटा

मंगळवार, ४ मार्च

पांढऱ्या पेशी नऊशे. निदान चार हजार तरी हव्यात. सिस्टर रिपोर्ट बघून म्हणाली, "केमोनंतर आठवडाभराने उतरतातच." जणू कांद्याचे भाव.

मग नियम. गर्दीत जायचं नाही. कच्चं खायचं नाही. कुंड्यांच्या मातीत हात घालायचा नाही. शिंकणाऱ्या माणसांपासून लांब. (हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. साहेब सकाळी सलग सात शिंकतात.) शेवटचा नियम सांगताना तिने पेन खाली ठेवलं, म्हणून तो लक्षात राहिला. "ताप शंभराच्या वर गेला की थेट इथे. सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. आणि मोजायच्या आधी अंगदुखीची गोळी घ्यायची नाही. ताप झाकला जातो आणि आत जंतू पसरत राहतात. अशाने माणसं गेलीत, काकू."

काकू. केस गेले, वर वय वाढवून मिळालं.

बुधवार, ५ मार्च

घरातल्या वजनमापे निरीक्षकांनी कारभार हाती घेतला. म्हणजे नवऱ्याने. ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणतात. घरी म्हणणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मी म्हणते.

उभं आयुष्य दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलं. माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा चार ग्रॅम खोटा निघाला, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दंड केला. भाऊ अजूनही आमच्याकडे चहात साखर घेताना आधी साहेबांकडे बघतो.

आज त्यांनी तीन थर्मामीटर आणले. तिन्ही कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून ताडून पाहिले. दोन नापास. पास झालेल्याला कपाटात स्वतंत्र कप्पा.

"लावणार मी, वाचणार मी."

"का? मला आकडे वाचता येतात."

"दुकानदाराला स्वतःचा काटा स्वतः तपासू देतात का?"

म्हणजे मी दुकानदार. बरं.

शुक्रवार, ७ मार्च

वन्सं आल्या आणि दारातच शिंकल्या. साहेबांनी सख्ख्या बहिणीला जिन्यावर थांबवलं.

"अरे, धुळीची शिंक आहे ती!"

"ताई, कशाचीही असू दे. तिथनंच बोल."

मग वन्सं जिन्यातून मला म्हणाल्या, "मन खंबीर ठेव गं. सगळं मनावर असतं." मनावर असतं तर वन्सं आमच्या मजल्यापर्यंत पोचल्या असत्या का?

ताप ९८.१, मग ९८.९, मग ९७.८. पेशी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली.

शनिवार, ८ मार्च

इंजेक्शनने हाडं दुखतात. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड. पेशी हाडांच्या आत तयार होतात म्हणे. कारखान्यात ओव्हरटाइम लागलाय आणि कामगार दारं आपटतायत.

साहेबांनी ताप मोजला – ९८.६. मग फोन. सिस्टर म्हणाली, ताप नाही ना, मग एक गोळी घ्या, पण दर वेळी आधी मोजा. घेतली. तासभर मी माणसात होते.

माझं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून साहेबांनी जेवताना ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या. म्हणजे काट्यांच्या. "खरा काटा जरासा तरी हलतो. दर वेळी अगदी तोच आकडा दाखवायला लागला की समजायचं, खालून कुणीतरी अडकवलाय." प्रणयाराधनाच्या काळातही हाच विषय होता.

रविवार, ९ मार्च

पहाटे उठून गोळी घेतली. मग ताप मोजला. क्रम जरा उलटा झाला, इतकंच. दुपारीही उलटाच. संध्याकाळी तर मुद्दाम.

इथे खोटं लिहून कुणाला फसवणार? दुखतं, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे ती वॉर्डातली खोली. मागच्या खेपेला शेजारच्या खाटेवरची बाई झोपताना मला म्हणाली होती, "तुमची ती शाल उद्या मला विणायला शिकवा." सकाळी खाटेवर नवी चादर ताणून घातलेली. मला तिथे परत जायचं नाही. आकडा चांगला आला तर मला कोण नेणार?

तिन्ही वेळा ९८.४. शेवटच्या वेळी साहेब आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

सोमवार, १० मार्च

९८.४. पुन्हा ९८.४. दुपारपासून थंडी वाजतेय. दोन पांघरुणं घेतली तरी दात वाजतात. ताप नाही, तर थंडी कसली? अक्षर कुणा दुसऱ्याचंच वाटतंय.

"तोंड लाल झालंय तुझं," साहेब म्हणाले.

"लाजले."

हसले नाहीत. थर्मामीटर आणला, लावला, काढला. खिडकीकडे वळून वाचला.

"एकशे एक पॉइंट दोन. ऊठ."

मनात म्हटलं, गोळीचा जोर संपला वाटतं. टॅक्सी खाली उभी आहे. माझी पिशवी भरून तयार. केव्हा भरली कुणास ठाऊक. वहीही तीत टाकतेय.

बुधवार, १२ मार्च

वॉर्ड. खोली वेगळी आहे, एवढं कबूल.

सोमवारी इथल्या थर्मामीटरवर ९८.८ आला. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या. "घरी एकशे एक होता म्हणालात?"

"एकशे एक पॉइंट दोन," साहेब म्हणाले. कोर्टात साक्ष देतात त्या आवाजात.

"पेशी इतक्या कमी असताना घरचा ताप आम्ही खराच धरतो." रक्त घेतलं, लगेच अँटिबायोटिक लावलं. थोड्या वेळाने ब्लड प्रेशर कोसळलं. माझंच, पण मी तिथे फारशी हजर नव्हते.

आज मोठे डॉक्टर आले. रक्तात जंतू सापडलेत. "त्या रात्री घरीच थांबला असतात तर..." वाक्य तिथेच सोडलं. कुठे थांबावं हे त्यांना कळतं. मी ज्यांच्या पेपरात सदर लिहिते, त्या संपादकांना कळत नाही.

गोळ्यांचं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. साहेब तेव्हा औषधं आणायला गेले होते. तेवढ्यातच उरकलं.

शनिवार, १५ मार्च

पेशी एकावन्नशे. वन्सं फोनवर म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं? मन!" संपादक म्हणाले, आता सदरात काहीतरी प्रेरणादायी लिहा. कळवते म्हटलं.

सोमवार, १७ मार्च

घरी. साहेब टॅक्सीतलं सामान वर आणत होते. मी कपाटातून थर्मामीटर काढला. तो चालू केला की मागचं माप क्षणभर दिसतं.

९८.६.

एकशे एक पॉइंट दोन आलाच नव्हता. सख्ख्या मेव्हण्याला चार ग्रॅम न सोडणारा माणूस डॉक्टरांसमोर ताठ उभा राहून खोटं माप सांगत होता. अडकवलेला काटा त्यांना ओळखू येतो, हे मीच मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

वर बघितलं तर ते दारात. माझ्या हातात थर्मामीटर. मी उशीखालून गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती न मोजताच खिशात घातली.