साऱ्या परतवाड्याची कंबर सव्वीस

चूक यंत्राची नव्हती, माह्यीच होती, हे पहिल्याच ओळीत कबूल करतो. पण "दहावीले दोनदा बसलेल्याच्या हाती माह्ये गिऱ्हाईक देल्ले" हे तू भावजींसमोर म्हणाली, ते काही बरं नाही केलं. असो. तीर्थरूप बेबीताईस सुरतहून शेखरचा दंडवत. तुह्यी मान दुखाची थांबली का? मी मजेत हावो (खोटं).

दिवाळीत तुह्या शिवणकामाच्या मापाच्या वहीतल्या दोनशे चौदा बाया म्या कॉम्प्युटरच्या डेटाबेसात टाकल्या. इथं गोदामात साड्यांच्या मालाचा हिशोब आमी त्यातच ठेवतो. आमच्या आरती मॅडम (अकोल्याच्या, पण बोलतात पुण्यासारखं) म्हणाल्या, चारच कामं शिक: टाकणं, शोधणं, बदलणं, काढणं. छापील रकाने नाहीत; ज्याचा त्याचा कागद, ज्यात जे लागन ते लिहा. मले वाटलं केवढा मोठा शोध! अन् तू तर वीस वर्षांपासून तेच करून राहिली. पार्वताबाईच्या पानावर 'डावा खांदा खाली', सुभद्रामावशीच्या पानावर 'गुदगुल्या होतात, बोलत राहावं'. मॅडमले सांगतलं तर त्या म्हणाल्या, "शेखर, तुझ्या ताईंना हे शिकवलं कोणी?" म्या म्हटलं, परतवाड्याच्या बायांनी.

मंग तुह्यं गिऱ्हाईक करिश्मा सोताच्या लग्नासाठी उपाशी राहून सव्वीस कंबरेची झाली. म्या बदल केला. पण बदल कोणाचा, ते आधी सांगा लागते. ती जागा म्या रिकामी सोडली (आताच तर करिश्माचं बोलणं झालं, यंत्राले समजत असन असं वाटलं). एका टिचकीत सारं गिऱ्हाईक सव्वीस कंबरेचं!

अन् तू? मोबाईलात आकडा पाहून कैची खाली ठेवली. "सव्वीस तर पार्वताबाईचा दंडच भरते," म्हणाली, अन् डोळ्याच्या मापानं बरोब्बर कापलं. असा डोळा कोणत्या यंत्रात हाये सांग! फक्त करिश्माच्या धामणगावच्या दोन मावश्या, ज्या तू कधी पाहिल्याच नाही अन् ज्यांचं माप फोनवरून सरळ यंत्रातच गेलं, त्यांचे ब्लाऊज सव्वीसनं कापल्या गेले. रविवारी लग्न, अन् नाव तुह्यं जाईन. हेच मले खाऊन राहिलं.

तुह्या पाठचा,
शेखर

ता.क. निस्तरासाठी म्या करिश्माचा कागद काढून नवा टाकाले गेलो. काढतानाही कोणाचा ते सांगा लागते. वहीतल्या दोनशे चौदा अन् त्या दोन मावश्याही गेल्या. वहीच्या साऱ्या पानांचे फोटो पाठव. मॅडमले अजून सांगतलं नाही.

ता.क. दुसरा: मावश्यांचं माप आता फोनवर नको घेऊ, जीपनं धामणगावले जाय अन् डोळ्यानं पाहून ये. दोन पीस चांगल्यातले घे, रविवारच्या आत शिव. जीपच्या भाड्यासकट अठराशे पन्नास रुपये पाठवतो.